कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमधली माहिती वापरून आपत्कालीन सेवा कशी सुधारता येईल?

तुम्ही विचारलंय, रजिस्टर, केसपेपर आणि कॉम्प्युटरमध्ये रोज भरली जाणारी माहिती कॅज्युअल्टी सुधारायला वापरता येईल का. येईल, पण सगळी एकदम उपसू नका, एकच प्रश्न धरा. मी छातीच्या दुखण्यापासून सुरुवात करेन: रुग्ण दारात आल्यापासून पहिला ईसीजी निघेपर्यंत किती मिनिटं गेली? १० मिनिटांच्या आत निघायला हवा.

मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी नाव, मोबाइल, आधार वगळून घ्या. सगळ्यात मोठी चूक रुग्ण निवडताना होते. अंतिम निदान हार्ट अटॅक असलेलेच घेतले, तर ‘गॅस’ म्हणून घरी पाठवलेला रुग्ण हिशोबातून गळतो, आणि नेमका तोच शोधायचा असतो. म्हणून येतानाची तक्रार धरा: छातीत दुखणं, दम लागणं, दरदरून घाम, पोटाच्या वरच्या भागात जळजळ. मधुमेहींना छातीत न दुखताही अटॅक येतो. ज्यांचा ईसीजी निघालाच नाही, ते वेगळे मोजा.

मग वेळा तपासा. खऱ्या वेळांत मिनिटांचा शेवटचा अंक ० किंवा ५ असण्याचं प्रमाण साधारण २० टक्के असतं. तुमच्याकडे ६० टक्के निघालं, तर वेळा अंदाजाने भरल्यात. ईसीजीच्या पट्टीवर मशीन स्वतः वेळ छापतं, पण त्याचं घड्याळ अनेकदा चुकलेलं असतं. दर सोमवारी मोबाइलशी जुळवा. केसपेपरवर रांगेनंतरची वेळ पडते, म्हणून दारातली वेळ वेगळी लिहायला लावा. ईसीजी केसपेपरच्या आधीचा दिसला तर नोंद खोडू नका. तिथे उपचार आधी झाले, आणि तेच योग्य आहे.

सरासरी नको, ६ तासांची एक चुकीची नोंद ती बिघडवते. मिनिटं चढत्या क्रमाने लावा, मधला आकडा पाहा आणि १०० नोंदी असतील तर ९०वा. मधला ८ आणि ९०वा ५५ असेल, तर शेवटच्या दहा जणांचे केसपेपर एकेक करून वाचा. कारणं तिथेच सापडतात: मशीन वॉर्डात, रोल संपलेला, टेक्निशियन फक्त दिवसा, सिस्टर डॉक्टरांच्या आदेशासाठी थांबलेल्या. मशीन कॅज्युअल्टीतच ठेवा आणि अशा तक्रारीत आधी ईसीजी, पैसे नंतर, अशी लेखी मुभा सिस्टरना द्या.

पुढे मधला आकडा दर आठवड्याला आलेखावर मांडा, पण त्यावरून कुणाला मेमो देऊ नका. इंग्लंडमध्ये कॅज्युअल्टीतल्या रुग्णाला चार तासांत दाखल करायचं, हलवायचं किंवा घरी सोडायचं, असं लक्ष्य लागू झाल्यावर मुदत संपायच्या शेवटच्या मिनिटांत रुग्ण हलवल्याचं आकड्यांत स्पष्ट दिसलं. धाक वाढला की आधी नोंदी बदलतात; म्हणून दर आठवड्याला पाच केसपेपर पट्टीवरच्या वेळेशी ताडून पाहा.