पुण्यात बसून लीड्समधली जुनी गाडी ठरवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात सिंहगड रोडवरून सहकुटुंब इंग्लंडातल्या लीड्सला जायचंय, मुलांच्या शाळेसाठी उतरल्या उतरल्या गाडी हवी, आणि एका जाहिरातीत 2014 ची होंडा जॅझ 1,900 पौंडांना सापडली आहे. विकणाऱ्या बाई म्हणतात, बदली होऊन त्या स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर गेल्या, गाडी एका वाहतूक कंपनीच्या गोदामात आहे. पैसे त्या कंपनीकडे जमा करा, गाडी घरपोच येईल, पाच दिवस चालवा, नाही पटली तर पैसे परत.

स्पष्टच लिहितो, ही गाडी तुम्हाला कधीच मिळणार नाही. फोटोतली जॅझ कुठेतरी असेलही, पण तिच्या खऱ्या मालकाला या जाहिरातीचा पत्ताही नसेल. 'आर्मीत आहे, जम्मूला पोस्टिंग झालं, ॲक्टिव्हा कँटोन्मेंटात उभी आहे, पार्सलने पाठवतो' म्हणणारे फौजी पुण्यातल्या जाहिरातींत तुम्ही पाहिले असतील. ऑर्कनीच्या बाई म्हणजे त्यांचंच विलायती भावंड. अशा कथेत विकणारा, गाडी आणि कागद मुद्दाम तीन ठिकाणी ठेवलेले असतात, म्हणजे तुम्ही हट्टाने गाडी बघायला निघालात तरी जायचं कुठे हेच कळू नये. मध्यस्थ कंपनीची वेबसाइट त्यांचीच असते. पावतीवर लोगो मोठ्या कंपनीचा आणि खातं भलत्याच माणसाच्या नावावर. पैसे पोचले की 'परत मिळणारा वाहतूक विमा' म्हणून आणखी तीन-चारशे मागतात, मग कागदांची फी. देणारा थांबला की फोन बंद.

तरीही पुण्यातून गाडी शोधूच नका असं माझं म्हणणं नाही. इंग्लंडात गाडीची निम्मी कुंडली सरकार फुकट दाखवतं, आणि ती वाकडमधल्या ऑफिसात बसूनही वाचता येते. तपासणी पुण्यातून हवी तेवढी करा. पैसा मात्र पुण्यातून एक पौंडही सोडू नका, अगदी 'दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय' म्हणून मागितलेला इसारसुद्धा नाही.

सुरुवात नंबरप्लेटपासून. जाहिरातीत नंबर झाकला असेल तर मागून घ्या. देत नसतील तर विषय संपला. 2001 च्या सप्टेंबरपासूनच्या प्लेटवर दोन अक्षरं, दोन आकडे, तीन अक्षरं असतात, आणि मधले आकडे म्हणजे गाडीचं वय. 14 म्हणजे मार्च ते ऑगस्ट 2014, तर 64 म्हणजे सप्टेंबर 2014 ते फेब्रुवारी 2015. जाहिरातीत 2014 लिहिलंय आणि प्लेटवर 11 आहे, असं असेल तर कारण विचारा. उलट जुन्या गाडीवर हौसेचा नंबरही असू शकतो, पण गाडी आहे त्याहून नवी भासवणारा नंबर लावायला कायद्याने मनाई आहे.

तो नंबर सरकारी संकेतस्थळावर दोन ठिकाणी टाका. एक, डीव्हीएलएची वाहन-चौकशी. डीव्हीएलए म्हणजे आपल्या आरटीओचं काम करणारं, पण साऱ्या ग्रेट ब्रिटनसाठी एकच असलेलं खातं. तिथे कंपनी, रंग, इंजिनाचे सीसी, रोड टॅक्स आणि शेवटचं नोंदणीपत्र कधी दिलं ती तारीख दिसते. ही शेवटची तारीख लोक बघतच नाहीत. विकणारा म्हणतो सहा वर्षं माझ्याकडे आहे आणि पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं आहे, तर त्याने पत्ता बदलण्यासारखं काही केलं असेल किंवा तो खोटं बोलतोय. यातलं खरं काय ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी जागा एमओटीचा इतिहास. एमओटी म्हणजे गाडी तीन वर्षांची झाल्यापासून दरवर्षी होणारी सक्तीची तपासणी. आपल्या पीयूसीशी तिची बरोबरी करू नका, ब्रेक, सस्पेन्शन, टायर, पत्रा सगळं बघतात. 2014 च्या जॅझला 2017 पासून दर वर्षाची नोंद हवी. फक्त 2020 मध्ये खंड दिसला तर घाबरू नका: 30 मार्च ते 31 जुलै 2020 दरम्यान मुदत संपणाऱ्या गाड्यांना कोविडमुळे सहा महिन्यांची वाढ मिळाली होती. प्रत्येक नोंदीत त्या दिवशीचं मीटर रीडिंग असतं, तेही मैलांत. 2021 ला 78,000 आणि 2022 ला 61,000 दिसलं तर मीटर मागे फिरवलंय किंवा टायपिंगची चूक आहे. 2023 चा आकडा बघितला की उलगडा होतो. दरवर्षी सात-आठ हजार मैल चाललेली गाडी शेवटची दोन वर्षं चारशे-पाचशेच मैल चालली असेल, तर ती उभी का होती?

रीडिंगपेक्षा त्याखालचे शेरे जास्त बोलके असतात. नापासची कारणं तर वाचाच, पण पास झाल्यावर दिलेले सल्लेही ओळ न् ओळ वाचा. आपल्याला सवय नसते म्हणून एक शब्द मुद्दाम सांगतो: 'करोजन', म्हणजे गंज. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि पुण्यात पंधरा वर्षांनीही शाबूत राहणारा खालचा पत्रा तिकडे सडतो. ब्रेकच्या नळ्या, दाराखालचा पट्टा, मागच्या सस्पेन्शनच्या जोडाजवळची जागा इथला गंज एका वर्षी 'थोडा', दुसऱ्या वर्षी 'बराच' असा वाढत गेलेला दिसला तर वेल्डिंगचा खर्च तुमच्या वाट्याला येणार. वरून पॉलिश मारलेल्या फोटोत हे दिसणं शक्यच नाही.

आता कागद. इथे पुणेरी सवय घात करते. आपण आरसी हातात घेतली की मालकाचं नाव आणि हायपोथिकेशनचा रकाना बघतो. बँकेचं नाव नसलं की कर्ज नाही. तिकडच्या नोंदणीपत्राला, म्हणजे व्ही5सीला, तसला रकानाच नाही. शिवाय त्यावर नाव असतं ते नोंदणीकृत वापरकर्त्याचं, आणि हा मालकीचा पुरावा नाही असं त्यावरच छापलेलं असतं. हप्त्यावर घेतलेली गाडी शेवटचा हप्ता जाईपर्यंत फायनान्स कंपनीची असते, आणि हे व्ही5सी बघून कळत नाही. अजाणतेपणी घेतलेल्या खासगी खरेदीदाराला कायद्यात काही संरक्षण आहे, पण नव्या देशात पहिल्याच महिन्यात ते सिद्ध करत बसायची वेळ कशाला आणायची?

म्हणून दहा-वीस पौंड टाकून खासगी इतिहास-तपासणी करा. त्यात थकीत फायनान्स, चोरीची नोंद, बदललेले नंबर आणि विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही म्हणून निकालात काढलेली, ठरवलं होतं का ते कळतं. 2017 च्या ऑक्टोबरपासून टोटल लॉसचे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गातली गाडी पुन्हा रस्त्यावर यायलाच नको. एस म्हणजे सांगाड्याला इजा झालेली पण दुरुस्त होण्याजोगी, एन म्हणजे सांगाडा शाबूत. एन वर्गातली गाडी स्वस्तात मिळाली तर विचार करण्यासारखी असते, पण जाहिरातीत ते लिहिलेलं नसेल तर माणूसच नको. रिपोर्ट स्वतः काढा. विकणाऱ्याने पाठवलेल्या पीडीएफला काडीची किंमत नाही.

नंबर स्वच्छ निघाला म्हणजे गाडी स्वच्छ, असंही नाही. चोरीच्या गाडीवर त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या सरळ गाडीचा नंबर लावतात, त्यामुळे सगळी चौकशी त्या दुसऱ्या गाडीची होते. यावर उपाय चासी नंबर: 17 अक्षर-आकडे, त्यांत आय, ओ आणि क्यू कधीच नसतात. विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावरच्या पट्टीवर आणि पत्र्यावर ठोकलेला, असा तो बघायचा. सगळीकडे एकच हवा आणि व्ही5सीवरही तोच. पुण्यातून हे करायचं तर व्हिडिओ कॉलवर न थांबता चालायला सांगा: पुढची प्लेट, विंडस्क्रीनचा कोपरा, उघडं दार, चालू मीटर. मध्ये कॉल 'कट' झाला तर पुन्हा पहिल्यापासून. खरा विकणारा थोडा कुरकुरतो पण करतो. ज्याच्याकडे नुसते फोटो आहेत त्याचा कॅमेरा नेमका त्या दिवशी बिघडतो.

गाडी पसंत पडली की आरएसीसारख्या (रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत करणाऱ्या) संस्थेचा किंवा स्वतंत्र मेकॅनिक पैसे देऊन विकणाऱ्याच्या घरी पाठवता येतो. मेकॅनिक तुम्ही निवडायचा, आणि इंजिन थंड असताना बघायला सांगायचं. जॅझ असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, जागेवर आहे का हे खाली वाकून बघायला सांगा. या मॉडेलचे ते फार चोरीला जातात.

व्यवहार करायचा तो व्ही5सीवरच्या पत्त्यावर, दिवसाउजेडी. विकणाऱ्याचं ओळखपत्र, पत्रावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव एकच हवं. तिथल्या बँका पैसे पाठवताना खात्याचं नाव जुळतंय का ते सांगतात. 'जुळत नाही' आलं तर तिथेच थांबा. आधी एक पौंड पाठवा, त्याच्या फोनवर दिसला की बाकीचे. विकणाऱ्याने ऑनलाइन नोंद बदलली की तुमच्या हातात व्ही5सीतून फाडलेली, नव्या वापरकर्त्यासाठीची हिरवी चिठ्ठी आणि चाव्या. नवं नोंदणीपत्र मागाहून टपालाने येतं. 'पत्र आईकडे राहिलंय, नंतर पाठवतो' असं म्हणाले तर रिकाम्या हाताने परत या.

पुण्यातून पैसे नको म्हणतो त्याचं कारण कायद्यात आहे. 7 ऑक्टोबर 2024 पासून ब्रिटनमध्ये फसवून करवून घेतलेल्या बँक हस्तांतराचे पैसे बँकांनी 85,000 पौंडांपर्यंत परत द्यायचा नियम आहे. बँक 100 पौंडांपर्यंत कापून घेऊ शकते. पण हा नियम ब्रिटनमधल्या खात्यातून ब्रिटनमधल्याच खात्यात गेलेल्या पैशाला. तुमच्या कर्वे रोडच्या शाखेतून परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ए2 भरून स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून) गेलेल्या रकमेला तो लागू नाही. ती परत मागवायची तर समोरच्या बँकेची आणि खातेदाराची मर्जी, आणि तोवर खातं रिकामं झालेलं असतं.

घाईच असेल तर खासगी माणसापेक्षा डीलर बरा, दोन-चारशे जास्त गेले तरी. डीलरकडून न बघता दुरून घेतलेली गाडी पोचल्यापासून 14 दिवसांत परत करता येते, आणि सदोष निघाली तर 30 दिवसांत नाकारता येते. 100 पौंडांहून महाग आणि 30,000 पर्यंतच्या वस्तूसाठी थोडी रक्कम जरी ब्रिटिश क्रेडिट कार्डाने थेट डीलरला दिली तरी पूर्ण किमतीची जबाबदारी कार्ड कंपनीवरही येते. मात्र डीलरही बनावट असतात: खऱ्या कंपनीचं नाव-पत्ता उचलून महिनाभरापूर्वी काढलेली वेबसाइट. कंपनीज हाउसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या, यादीत नाव सापडलं एवढ्यावर खूश होऊ नका. वेबसाइटवरचा फोन सोडून दुसरीकडून मिळालेल्या नंबरवर फोन करा, आणि त्या पत्त्यावर खरंच गाड्यांचं आवार आहे का ते नकाशावर बघा.

विम्याबाबत दोनच गोष्टी. आपल्याकडे गाडीबरोबर थर्ड पार्टी विमाही नव्या मालकाकडे येतो. तिकडे काहीच येत नाही, विमाही नाही आणि रोड टॅक्सही नाही. दोन्ही घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही. विना-विमा सापडलात तर 300 पौंड, लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट आणि गाडी जप्त होऊ शकते. आणि भारतीय लायसन्सवर, जे तिथे राहायला गेल्यापासून 12 महिने चालतं, हप्ता महाग पडतो म्हणून व्हॉट्सॲपवर निम्म्या दरात पॉलिसी देणारे 'आपले' लोक भेटतील. ती पॉलिसी बहुधा खोटी असते.

पहिले दोन-तीन आठवडे भाड्याची गाडी घ्या. शोध तोवर चालू ठेवा.

जाता जाता तुमची इथली मारुती स्विफ्ट विकण्याचं विचारलंत. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून चावी देऊन विमानात बसू नका; कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 आधी. एमपरिवहन या सरकारी ॲपवर घेणाऱ्याचं नाव दिसेपर्यंत चलनं तुमच्याच नावावर येत राहतात. 'पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणणारा भेटला तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही; गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. नाव बदलायचं राहिलंच तर ओटीपी तुमच्या भारतातल्या मोबाइलवर येईल, तेव्हा ते सिम रोमिंगवर चालू ठेवा.