टीबी निघाला, मग बाकीच्या तपासण्या कशाला?

कारागृहातल्या क्षयरुग्णांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतो आहे.

मुलगा कच्चा कैदी म्हणून आत आहे. त्याला टीबी निघाला आणि लगेच एचआयव्हीचीही तपासणी झाली. त्याच्यावर कसला संशय आहे का? (एक आई, सोलापूर)

ताई, संशयाचा इथे संबंधच नाही. बाहेरही टीबी निघालेल्या प्रत्येकाला, मग तो शिक्षक असो की रिक्षावाला, ही तपासणी सुचवतात. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा तसा नियमच आहे. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावली की अंगात वर्षानुवर्षं निपचित पडलेला टीबीचा जंतू डोकं वर काढतो. अशा वेळी एकट्या टीबीवरच औषध देत राहिलं तर माणूस हातचा जाऊ शकतो. दोन्ही आजार कळले तर टीबीच्या गोळ्या आधी चालू होतात, एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, बहुधा त्यानंतर काही आठवड्यांतच. त्यातली एरवी दिवसातून एकदा घ्यायची डोलूटेग्राविरची गोळी रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असेपर्यंत दोनदा घ्यावी लागते. म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही आजार माहीत असायला हवेत.

एक विनंती. मुलाखतीला जाल तेव्हा ‘रिपोर्ट काय आला रे?’ असं जाळीतून मोठ्याने विचारू नका. शेजारी दहाजण कान देऊन उभे असतात. गोळ्या रोज मिळतात का, उलट्या होतात का, जेवण जातं का, एवढं विचारा.

सगळ्या टीबीवाल्यांचं रक्त सक्तीने तपासून ज्यांच्यात काही निघेल त्यांची बराक वेगळी केली तर? आम्हालाही घरी लेकरंबाळं आहेत. (कारागृह शिपाई, विदर्भ)

तुमची काळजी खरी आहे. आर्थर रोडसारख्या कारागृहात वर्षानुवर्षं क्षमतेच्या कितीतरी पट माणसं राहत आली आहेत. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. तिथे खोकल्यातून टीबी पसरतो, म्हणून थुंकीत जंतू असलेल्या बंद्याला सुरुवातीला वेगळं ठेवणं योग्यच. पण एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी, सी हे यकृताचे आजार हवेतून येत नाहीत, ताटावाटीतूनही नाही. त्यांच्यासाठी वेगळी बराक केलीत तर ती कशासाठी आहे हे दुसऱ्या दिवशी सगळ्या सर्कलला, म्हणजे बराकींच्या अख्ख्या गटाला, कळेल आणि तिसऱ्या दिवसापासून कोणी तपासणीला हात पुढे करणार नाही.

शिवाय 2017च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. त्याच कायद्याने कोठडीतल्या माणसाला, मग तो कच्चा असो की पक्का, तपासणीचा आणि उपचाराचा हक्क दिला आहे. नुसता अंगठा उठवून घेतला म्हणजे संमती झाली असं मी मानत नाही. मी स्वतः पाहिलं आहे: बंद्याला बांधलेल्या दोरखंडाचं टोक हातात धरून पोलीस टेबलाला टेकून उभा, समोर समुपदेशक विचारते आहे, ‘सुईने नशा केली होती का?’ तो मुलगा पोलिसाकडे बघून ‘नाही’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्याला नजरेच्या टप्प्यात जरूर ठेवा, पण बोलणं ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभे राहा.

तुमच्यासाठी म्हणाल, तर हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस घ्या आणि बराकीच्या खिडक्या उघड्या राहतील हे बघा.

टीबीच्या गोळ्या चालू केल्यावर आमच्याकडे दोन बंद्यांना कावीळ झाली. आधी हिपॅटायटिस तपासायला हवा होता का? (परिचारिका, कारागृह रुग्णालय)

हो, सिस्टर, हवा होता. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृतावर ताण आणतात. तिथे आधीच बी किंवा सी मुरलेला असेल तर धोका वाढतो. आत चोरून गोंदून घेणं, एकाच ब्लेडने चौघांनी दाढी करणं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. एचआयव्हीसाठी सुई टोचतोच आहोत, तर संमती घेऊन त्याच वेळी बी, सी आणि गरमी (सिफिलिस) यांचीही तपासणी करून घ्या.

हिपॅटायटिस निघाला म्हणून टीबीचा उपचार अडवायचा नाही. यकृताच्या चाचण्या तेवढ्या जास्त वेळा करायच्या. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि 2018पासून हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे. मात्र रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा असर उतरतो, म्हणून सहसा टीबीचा कोर्स आधी संपवतात. तोवर त्याचं नाव वहीत हरवणार नाही, हे तुमच्याच हातात आहे.

एचआयव्हीची तपासणी एकदा निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो ना?

लागण अगदी ताजी असेल तर तपासणीत दिसत नाही. अलीकडे धोका घडला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करा.

जामीन संध्याकाळी झाला, रात्री बाहेर आलो. रिपोर्ट आतच राहिला. गोळ्या चार दिवसांच्या आहेत. (एक वाचक)

चौथ्या दिवसाची वाट पाहू नका. उद्या सकाळीच जवळच्या सरकारी दवाखान्यात गोळ्यांचं पाकीट घेऊन जा. तुमची नोंद नि-क्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत असेल आणि तिच्यावरून उपचार पुढे चालू करता येतो. कोणत्या गुन्ह्यात आत होतात हे सांगायची गरज नाही. कोणत्या कारागृहात होतात एवढं मात्र सांगा, म्हणजे तिथल्या रुग्णालयाकडून राहिलेले रिपोर्ट मागवता येतील. बँकेचं पासबुकही न्या, पोषणासाठी महिना 1000 रुपये खात्यात जमा होतात.