वाचकांचे प्रश्न : स्पीकरमधला ‘हम’ येतो कुठून?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या स्पीकरमधून सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. दुरुस्तीवाले त्याला ‘हम’ म्हणतात, आणि वायरमन ट्रान्सफॉर्मरच्या आवाजालाही ‘हम’च म्हणतो. दोन्ही एकच का? आमचा हम जाईल कसा?
– एक वाचक, मिरज

उत्तर : इंग्रजीत तोंड मिटून गुणगुणणे, भुंग्याचा गुंजारव, यंत्राची घूंघूं या सगळ्याला ‘हम’ म्हणतात. साउंडवाले मात्र हा शब्द काटेकोरपणे वापरतात : विजेच्या पुरवठ्यातून शिरणारा खर्जातला अखंड सूर. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणून तो ५० हर्ट्झचा असतो किंवा दुपटीचा, १०० चा. पेटीवाल्यांच्या कानाला ओळख पटेल : ९८ हर्ट्झच्या खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर १०० हर्ट्झ येतो, ५० त्याच्याही एक सप्तक खाली. स्वच्छ १०० बहुधा ॲम्प्लिफायरच्या आतला, ५० बहुधा केबल किंवा अर्थिंगचा. खरखरीत, टोकदार आवाज असेल तर जवळपास दिव्यांचा डिमर आहे का ते आधी बघा.

शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. मिक्सरचे सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) पूर्ण खाली आणा. हम गेला तर दोष माइक, लॅपटॉप किंवा त्यांच्या केबलमध्ये आहे. फेडर एकेक करून वर नेले की चॅनल सापडते. नाही गेला, तर ॲम्प्लिफायर बंद करून मिक्सरकडची केबल काढा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा आणि पुन्हा चालू करा. तरीही घूंघूं असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता मोठी. कधी कधी त्यांचे माथे फुगलेलेही दिसते. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा हवा. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

जॅकला हात लावताच हम कमी-जास्त होत असेल, तर केबलच्या तारेभोवती जी धातूची जाळी असते, तिचा जॅकमधला सोल्डरचा डाग सुटलेला असतो. तो उघडून पुन्हा सोल्डर करा. साधी दोन तारांची केबल पाच-सहा मीटरपर्यंत ठीक. त्यापुढे तीन पिनांची बॅलन्स्ड केबल घ्या. ती विजेच्या वायरीला समांतर टाकू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

पण मंडळांत सर्वांत जास्त आढळतो तो अर्थचा फेरा. मिक्सर स्टेजजवळच्या सॉकेटवर, ॲम्प्लिफायर हॉलच्या दुसऱ्या टोकाला. दोघांना आपापले अर्थिंग असते, आणि ऑडिओ केबलची जाळी ती दोन्ही जोडते. दोन अर्थमध्ये किंचितसा व्होल्टेजचा फरक असला तरी जाळीतून प्रवाह वाहतो आणि गाण्यात मिसळतो. लॅपटॉप जोडला की असेच होते : चार्जर काढून बॅटरीवर चालवा, हम थांबला तर कारण सापडले. उपाय म्हणजे सगळी उपकरणे एकाच बोर्डवर घेणे. तेवढ्याने भागले नाही, तर ऑडिओ केबलच्या मध्ये एकास-एक ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ‘ग्राउंड लिफ्ट’ (जाळीची जोडणी तोडणारे बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे उपकरण आणि मिक्सर यांच्यामध्ये बसणारी छोटी डबी, लावणे.

प्लगची जाड, म्हणजे अर्थिंगची, पिन मोडून हम घालवण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती कृपया करू नका. आत एखादी तार सुटून उपकरणाच्या धातूच्या खोक्याला लागली, तर माइक हातात धरणाऱ्याच्या अंगातून वीज जाईल. फेरा तोडायचा तो ऑडिओच्या वाटेवर, विजेच्या वाटेवर कधीच नाही.

प्रश्न : पंखा एक-दोन नंबरवर घूंघूं करतो, पाचवर गप्प. बेअरिंग गेले का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे शंका रेग्युलेटरवर घ्या. सलग फिरणारी गोल घुंडी असेल तर तो विजेच्या लाटेचा तुकडा कापून वेग कमी करतो आणि मोटर गुरगुरते. टप्प्याटप्प्याने खटखट फिरणारा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा. बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरच्या) पंख्याला मात्र यातला कोणताच लावायचा नसतो.

प्रश्न : सोसायटीबाहेरचा ट्रान्सफॉर्मर रात्री जास्त घुमतो. धोका आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लोखंडी गाभ्याचे पत्रे चुंबकत्वामुळे प्रत्येक आवर्तनात दोनदा अत्यंत सूक्ष्म ताणले जातात, म्हणून १०० हर्ट्झचा घुमारा हा त्याचा नेहमीचा सूर आहे. साठ आवर्तनांच्या अमेरिकेत तोच १२० वर ऐकू येतो. रात्री रस्ता शांत असतो, शिवाय वापर घटून व्होल्टेज चढले तर गाभा थोडा जोरातही घुमतो. सुरात अचानक खडखड आली तर आतले काही ढिले झालेले असू शकते. चरचर, तडतड, ठिणगी किंवा तेलाचा वास असेल तर लांब थांबा आणि महावितरणला १९१२ वर लगेच कळवा.