विहिरीचं पाणी चढलं, पण कशानं?

प्रश्न : आमच्या गावात २०२१ साली एका संस्थेनं बांधबंदिस्ती आणि नाला खोलीकरण केलं. त्यामुळे विहिरींची पातळी दीड मीटरनं वाढली, असं ती सांगते. कामाआधीच्या नोंदी आमच्याकडे नाहीत. मग हे तपासायचं कसं? – एक वाचक, पारनेर

उत्तर : पातळी वाढली असेलही, पण पावसानं की कामानं? जोडीला काम न झालेलं एक गाव घ्या, जिथे दगड तोच आणि पाऊस साधारण तेवढाच आहे. समजा, तिथेही पाणी मीटरभर चढलंय, तर तुमच्या कामाच्या वाट्याला अर्धा मीटरच येतो. हे गाव तुमच्याच नाल्याच्या खालच्या अंगाला नको. तुम्ही वर पाणी अडवल्यानं त्यांचं घटलं असेल, तर तुमचं यश फुगून दिसेल.

विहिरी आठ-दहा पुरेत. माथ्यावरच्या, मधल्या, पायथ्याच्या. बंधाऱ्याला खेटून असलेली एखादीच घ्या (पाहुण्यांना नेमकी तीच दाखवतात). कठड्यावर तेलरंगानं खूण करा आणि दरवेळी तिथूनच वजन बांधलेली टेप सोडा. मोजायचं सकाळी, मोटार सुरू होण्याआधी. रात्रीच्या विजेवर उपसा झाला असेल, तर त्या दिवसाचा आकडा धरू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजते. तुम्हीही तेच महिने धरा. दोन्ही गावांच्या पाणलोटांतल्या तिच्या जुन्या नोंदी मागवल्या, की कामाआधीची उणीव बरीचशी भरून निघते.

ऑक्टोबरच्या आकड्यावर भाळू नका. आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, पाणी साठायला जागा शेकडा एक ते तीनच, म्हणून पातळी झटकन चढते नि तशीच उतरते. खरी परीक्षा मार्च-मेची. मधल्या काळात गावात बोअर किती पडले आणि ऊस किती वाढला, तेही लिहून ठेवा.

पाणी खरंच टिकलं, तर रब्बीचं क्षेत्रही वाढायला हवं. पण ते सातबाऱ्यावरून काढताना एक खोच आहे. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक नोंदवतो. आधी ते काम तलाठ्याचं होतं. शेतात काही न बदलताही आकडा हलू शकतो. त्यापेक्षा सेंटिनेल उपग्रहाची फेब्रुवारीतली छायाचित्रं ताडून पाहा, ती फुकट मिळतात.

घरोघरी ‘उत्पन्न किती वाढलं?’ असं विचारू नका. नुसता भाव चढला तरी ते वाढतं. हरभऱ्याला पाण्याच्या किती पाळ्या दिल्या, शेवटची कधी, एकरी किती क्विंटल आला, मे महिन्यात चारा विकत घेतला का, असं विचारा. घरं रेशनच्या यादीतलं दर दहावं घ्या, लाभार्थ्यांच्या यादीतली नको. बिनविहिरीची आणि भूमिहीनांची घरं वेगळी मोजा, नाहीतर विहीरवाल्यांचा फायदा सगळ्या गावाच्या नावावर चढतो.

प्रश्न : ही पाहणी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी केली तर चालेल का?

उत्तर : नको. बांध घालून देणाऱ्याच्या तोंडावर ‘उपयोग झाला नाही’ असं कोण म्हणेल? कृषी महाविद्यालयाची मुलं घ्या, आणि दहातलं एक घर दुसऱ्याकडून पुन्हा विचारून घ्या.