दाव्यात नाव नाही म्हणून कुणी तिऱ्हाईत होत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. राजापूर तालुक्यात आईच्या माहेरची जमीन, वर कलमांची बाग, खाली घर. मामांनी मुंबईच्या एका माणसाला साठेखत (पुढे जमीन विकण्याचा करार) करून दिलं, पुढे खरेदीखताला टाळाटाळ केली, म्हणून त्याने मामांवर करारपूर्तीचा, म्हणजे कराराप्रमाणे खरेदीखत करून द्या असा, दावा लावला. दाव्यात आईचं नाव नाही, घरी समन्स नाही. गावातले म्हणतात, "तुम्ही दाव्यात नाहीच, तर निकाल तुम्हाला लागू कसा होईल? गप्प बसा." आणि तुम्ही विचारताय की गप्प बसावं की आत शिरावं.

मी वकील नाही. रत्नागिरी जिल्ह्यात दिवाणी कोर्टांत बेलीफ म्हणून लागलो आणि नाझर, म्हणजे बेलिफांवरचा अधिकारी, होऊन निवृत्त झालो. साहेबांनी लिहिलेला हुकूम लोकांच्या दारात पोचवायचा, एवढंच आमचं काम. कायद्याचा किस वकिलांनी काढावा, मी दारात जे पाहिलं त्यावरून लिहितोय. कागद दाखवायला वकील तुम्हाला गाठावाच लागेल.

गावातल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. जो दाव्यात नाही त्याला हुकूमनामा (कोर्टाचा निकालाचा हुकूम) बांधत नाही, हा नियमच आहे. पण "जो दाव्यात नाही" म्हणजे कोण, हे दाव्याच्या शिरनाम्यावरून ठरत नाही. सात-बारावर मामांच्या नावापुढे "ए.कु.मॅ." आहे असं तुम्ही लिहिलंय. एकत्र कुटुंब मॅनेजर. या तीन अक्षरांवर खरेदीदाराचा वकील सगळी भिंत उभी करणार. तो म्हणणार, मामांनी करार केला तो अख्ख्या कुटुंबाच्या वतीने, कुटुंबाच्या गरजेसाठी, आणि दावा लढले तेही कुटुंबाच्या वतीने. कुटुंबाचा कर्ता प्रामाणिकपणे लढून हरला तर बाकीच्यांनाही तो निकाल बांधू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ च्या स्पष्टीकरणात याची सोय आहे. म्हणजे ज्या आईला गाव तिऱ्हाईत समजतोय, ती उद्या कोर्टाच्या हिशेबात मामांच्या मागे उभी असलेली पक्षकार निघू शकते. गप्प बसण्यातला धोका तो आहे.

आता तुम्हाला रुचणार नाही असं एक सांगतो. तुम्ही "माझा हिस्सा" असं चार वेळा लिहिलंय. आई हयात आहे ना? मग आज तुमचा हिस्सा काहीच नाही. मुलीचा हक्क आहे तो आईचा. या वादात खरे तिऱ्हाईत तुम्ही. अर्ज, दावा, हरकत, सगळं आईच्या नावाने, आईच्या सहीने. तिला प्रवास झेपत नसेल तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र करा, पण मामांसमोर साक्षीला उभं राहायची तिची मानसिक तयारी आहे का हे आधी विचारा. भावाविरुद्ध पिंजऱ्यात चढायची वेळ आली की निम्म्या बहिणी मागे फिरतात, आणि त्यांना दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही.

त्याहून आधी एक गोष्ट तपासा. आईने कधी हक्कसोड केलंय का? पूर्वी आजोबा वारले की तलाठ्याकडे वारस तपास व्हायचा आणि "बहिणींनी हक्क सोडल्याची वर्दी" असं लिहून भावांची नावं लागायची. बहिणीला पत्ताही नसायचा, किंवा गणपतीला आली तेव्हा सही घेतलेली असायची. असा नुसता वर्दी-जबाबावरचा फेरफार (सात-बारावरची नावबदलाची नोंद) असेल तर घाबरू नका. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायला नोंदणीकृत दस्त लागतो, आणि फेरफाराने मालकी येतही नाही, जातही नाही. पण दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं हक्कसोडपत्र निघालं, तर पुढचं सगळं वाचायची गरजच उरत नाही. तसंच आजोबा कधी वारले ती तारीख काढा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले असतील तर मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहेच, आणि त्याच कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीला आली. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विक्री किंवा वाटप या दुरुस्तीने उलटत नाही.

कागद स्वच्छ निघाले असं धरू. मग आत कसं शिरायचं?

पहिला दरवाजा म्हणजे चालू दाव्यात पक्षकार करून घ्या असा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम १० खाली. वकील तुम्हाला हाच सुचवील. वाटपाचा दावा असता तर प्रश्नच नव्हता. तिथे प्रत्येक सहहिस्सेदार आवश्यक पक्षकार असतो, एक बहीण वगळली तरी दावा लंगडा पडतो. तुमच्याकडे मात्र करारपूर्तीचा दावा आहे. त्यात करार करणारे दोघेच मुख्य. करारात नसलेला माणूस स्वतंत्र मालकी सांगत आला तर त्याला आत घेऊन करारपूर्तीच्या दाव्याचा मालकीचा दावा करायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कस्तुरी विरुद्ध अय्यमपेरुमल या प्रकरणात सांगितलं. समोरचा वकील हा निकाल खिशात घेऊनच येईल. २०१० च्या मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्टच्या निकालात हा कोर्टाच्या तारतम्याचा भाग आहे असं आलंय, त्यामुळे दार अगदीच बंद नाही. अर्ज करा, पण सगळी मदार त्याच्यावर ठेवू नका.

माझं मत विचाराल तर आईने आपला स्वतःचा वाटपाचा आणि हक्क जाहीर करून मिळण्याचा दावा लावावा. त्यात मामा, मावश्या, त्यांची मुलं आणि तो खरेदीदार, सगळे प्रतिवादी. कुणालाही सोडू नका. "मावशी आपल्याच बाजूची आहे, तिला कशाला ओढायचं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! बाजूची असली तरी घाला, ती कैफियत (लेखी उत्तर) देऊन पाठिंबा देईल. दोन्ही दावे एकाच कोर्टात असतील तर एकत्र चालवा अशी विनंती करता येते. कोर्ट फीची भीती बाळगू नका, मिळकतीच्या वादात स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. ही गोष्ट सांगितल्यावर लोक चकित होतात, कधीकधी वकीलसुद्धा.

दावा दाखल झाला की त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. तिला लिस पेंडन्सची नोटीस म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे चालू दाव्यातली मिळकत जो विकत घेतो तो निकालाला बांधलेला असतो, आणि आपल्याकडे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीपासून ही नोटीस नोंदवण्याची रीत आहे. नोंदली की पुढच्या घेणाऱ्याने शोध घेतला तर त्याला ती दिसते. इथे उलटा प्रकार बघा. चालू दाव्यात खरेदी केलेला माणूस कोर्टात येऊन "साहेब, मी तिऱ्हाईत, मला काही माहीत नव्हतं" म्हणतो, पण तो तिऱ्हाईत नसतोच. विकणाऱ्याच्या पायताणात पाय घालून आलेला असतो. रस्ता रुंद होणार म्हणून, बंदर होणार म्हणून आपल्या किनाऱ्यावर असे किती व्यवहार झाले ते तुम्हीही पाहिलेत.

त्या खरेदीदाराला वकिलामार्फत नोटीसही आजच पाठवा, स्पीड पोस्टाने, पोचसह. आईचा हिस्सा आहे हे त्याला लेखी कळलं की "मी प्रामाणिकपणे, न कळत पैसे मोजले" हा आधार पुढच्या पैशांपुरता तरी संपतो.

कॅव्हेटचं कुणी सुचवलंय असं तुम्ही लिहिलंय. कलम १४८-अ चं कॅव्हेट नव्वद दिवस टिकतं आणि तुम्हाला न ऐकता तात्पुरता हुकूम होऊ नये एवढंच करतं. त्याने कुणी पक्षकार होत नाही. तलाठ्याकडची हरकत मात्र नक्की द्या. सरकारच्या "आपली चावडी" या संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस लागली का ते आठवड्याला बघत जा, पंधरा दिवसांत लेखी हरकत गेली की प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे तक्रारीत जातं. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील.

आता शेवटचा दरवाजा, जो मी स्वतः पाहिला.

एका खाडीकाठच्या गावात दोन भावांचा घराचा वाद. एक हरला, दुसऱ्याने दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज) लावली, मी ताबा वॉरंट घेऊन पोलिसांसह गेलो. पुढचं घर रिकामं झालं. मागच्या पडवीत त्यांची विधवा चुलती राहत होती, वेगळी चूल, वेगळं दार. निकालपत्रात तिचं नाव कुठेच नव्हतं. जिंकलेला भाऊ म्हणाला, "बेलीफसाहेब, पडवी घरातच आली, काढा हिला." म्हातारीने वाद घातला नाही. फडताळातून घरपट्टीच्या पावत्या आणल्या आणि माझ्या हातात दिल्या. कायदा म्हणतो, हुकूमनामा ज्याच्यावर बंधनकारक आहे त्याला काढा. ती बांधलेली आहे की नाही हे ठरवणारा मी कोण? मी पंचांसमक्ष लिहिलं, "अमुक इसमाची हरकत, स्वतंत्र कब्जा सांगतात, कागद दाखवतात," आणि वॉरंट परत नेलं. त्या भावाने मला शिव्या घातल्या. पुढे त्याला संहितेच्या आदेश २१ नियम ९७ चा, ताब्याला अडथळा आल्याचा, अर्ज करावा लागला, दरखास्तीतच चौकशी झाली, आणि पडवी म्हातारीकडे राहिली.

दुसऱ्या एका ठिकाणी, दुसऱ्या बेलिफाच्या वेळी, असंच कुटुंब बाहेर काढलं गेलं आणि सामान अंगणात पडलं. त्यांना ताबा परत मिळावा म्हणून त्याच आदेशाच्या नियम ९९ खाली अर्ज करावा लागला. नियम १०१ मुळे मालकीसकट सगळे प्रश्न त्याच कोर्टात, वेगळा दावा न लावता सुटतात, आणि तो निर्णय हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील होतं. त्यांनाही हक्क मिळाला. पण मधली दोन वर्षं ते नातेवाइकांच्या माळ्यावर राहिले. म्हणून घरात कुणी राहत असेल तर एक सांगून ठेवा. बेलीफ आला की आरडाओरडा नको, वॉरंट फाडणं तर नकोच. लेखी हरकत द्या, कागद दाखवा, आणि त्याच्या अहवालात हरकत आली का ते वाचून मगच सही करा.

तुमच्या घराबाबत अजून एक. मामांनी विकलाच तर फार तर स्वतःचा हिस्सा विकला असं ठरेल. परक्या माणसाने एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेतला तरी त्याला घरात येऊन सगळ्यांबरोबर राहता येत नाही. त्याने वाटप मागितलं तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ खाली कुटुंबातल्या माणसाला त्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला विकत घेता येतो. बागेला हा आधार नाही, फक्त घराला.

सात-बाराच्या "इतर हक्क" रकान्यात कुळाचं नाव आहे का तेही बघा. कोकणात हे विसरलं जातं. असेल, तर मामा, खरेदीदार आणि आई भांडत बसतील आणि कुळाचा प्रश्न तहसीलदारांकडे जाईपर्यंत दावा थांबेल, कारण कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्टाला ठरवता येत नाही. शेजाऱ्यांनी पाणंदीसाठी दाव्यात शिरायचं म्हटलंय म्हणता, त्यांना सांगा ते इथे बसत नाही. वाट अडवली तर सहा महिन्यांत तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली जायचं.

एका गोष्टीची मात्र घाई करा. मामा आणि खरेदीदार लोकअदालतीत तडजोड करून बसले, तर त्या निवाड्यावर अपील नाही. आई त्यात नव्हती, तरी तो मोडायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं. रत्नागिरीकरांना आता त्यासाठी मुंबई नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर आहे, पण आंबा घाट चढायचा तो चढायचाच. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दाव्याची पुढची तारीख आणि कशासाठी आहे ते आजच बघा. "तडजोड पुरसिस" (तडजोड झाल्याचं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) असं दिसलं तर गणपतीची वाट बघू नका, आईला घेऊन उद्याच गाडीत बसा.

साठेखताची तारीख, ते नोंदलेलं आहे का, आजोबांचं मृत्यूवर्ष आणि वारस फेरफारात बहिणींबद्दल नेमकं काय लिहिलंय, एवढं इथे टाका. नावं आणि गट नंबर टाकू नका.