जबड्याच्या सांध्याची झीज

प्रश्न : माझे वय ५८ आहे. वर्षभरापासून घास चावताना उजव्या कानापुढे दुखते आणि तोंड उघडताना वाळू घासल्यासारखा करकर आवाज येतो. एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसली. आता शस्त्रक्रिया करावी लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. खालच्या जबड्याचे हाड कवटीला जिथे जोडले जाते, तिथे हाडांवर कूर्चेचे (गुळगुळीत, लवचिक थराचे) आवरण आणि मध्ये एक चकती असते. ही कूर्चा विरळ होऊन तिच्याखालचे हाड खडबडीत झाले की असा आवाज येतो. मात्र एक्स-रेमधील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही, आणि अनेकांच्या वेदना काळानुसार ओसरतात, म्हणून केवळ चित्र पाहून घाबरू नये.

खरा उपचार सांध्यावरचा भार कमी करण्यात आहे. काही आठवडे मऊ अन्न घ्यावे, घास लहान ठेवावा, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार द्यावा आणि ओठ मिटलेले असतानाही वरचे-खालचे दात एकमेकांना टेकू देऊ नयेत. दिवसभर नकळत दात आवळण्याची ही सवय फार नडते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ओलसर शेक, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले हलके व्यायाम, रात्री दात खात असल्यास दंतवैद्याने बनवलेली, दातांवर बसवायची पट्टी आणि गरजेपुरती वेदनाशामके, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, यांवर बहुतेकांचे भागते.

चावताना दुखण्यासोबत कानशिलात नवी डोकेदुखी सुरू झाली किंवा दृष्टी अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण तो रक्तवाहिन्यांचा वेगळा, तातडीचा आजार असू शकतो.