फेब्रुवारीचा दिवस कुणी पळवला?

प्रश्न : सप्टेंबर म्हणजे आपलं 'सप्त', ऑक्टोबर म्हणजे 'अष्ट', असं मी पाचवीतल्या नातीला हौसेनं सांगायला गेले. तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, "आजी, मग सप्टेंबर नववा कसा?" शिवाय आम्हाला शाळेत शिकवलं होतं की, आपला महिना जुलैपेक्षा लहान नको म्हणून ऑगस्टस बादशहानं फेब्रुवारीचा एक दिवस काढून घेतला. हे खरं आहे का? – एक आजी, इस्लामपूर

उत्तर : ताई, नातीला माझ्याकडून शाबासकी द्या. रोमचं जुनं वर्ष मार्चपासून मोजत. तिला मार्चपासून बोटं मोजायला सांगा, सप्टेंबर बरोबर सातवा येतो. जुलै-ऑगस्टचीही आधीची नावं क्विंटिलिस आणि सेक्स्टिलिस, म्हणजे पाचवा आणि सहावा. पुढे वर्षाची सुरुवात जानेवारीवर गेली. इ.स.पू. १५३ पासून तिथले कॉन्सुल, म्हणजे सर्वोच्च अधिकारीही १ जानेवारीलाच पदावर बसू लागले. नावं तशीच राहिली.

ऑगस्टसची गोष्ट मात्र खोटी. मीही ती वर्गात वर्षानुवर्षं रंगवून सांगितली, त्याची आता लाज वाटते. तिचं मूळ १३व्या शतकातल्या सॅक्रोबॉस्को या पंडिताच्या लिखाणात सापडतं. फेब्रुवारी ऑगस्टसच्या आधीपासूनच २८ चा होता. रोमन लोकांना विषम आकडा शुभ. आपण नाही का आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालत? म्हणून त्यांचे महिने २९ किंवा ३१ दिवसांचे आणि सम आकडा एकट्या फेब्रुवारीच्या वाट्याला. कारण तो पितरांचा महिना. १३ ते २१ फेब्रुवारी हे त्यांच्या पितृपक्षाचे दिवस. वर्ष भरायचं ३५५ दिवसांचं. म्हणून अधूनमधून फेब्रुवारीतच अधिक महिना घालत. तो घालायचा की नाही हे पुरोहित ठरवत आणि त्यात राजकारण शिरलं. ज्युलियस सीझरनं घडी बसवली, तेव्हा इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं! त्यानं वर्षात दहा दिवस वाढवले: जानेवारी, सेक्स्टिलिस, डिसेंबरला दोन-दोन, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबरला एकेक. फेब्रुवारीला हात लावला नाही, पितरांच्या विधींत खंड नको म्हणून. म्हणजे सेक्स्टिलिस ३१ चा झाला तो सीझरच्या हातून. ऑगस्टसचं फक्त नाव लागलं, तेही इ.स.पू. ८ मध्ये.

निवृत्तीनंतर रोमला गेलो, तेव्हा पलाझ्झो मासिमो संग्रहालयात सीझरपूर्वीचं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. गिलाव्याचे तुकडे जोडून लावलेत. महिन्यांचे बारा रकाने आणि तेरावा अधिक महिन्याचा. प्रत्येक दिवसापुढे एक अक्षर, ए ते एच, मग पुन्हा ए. आठच अक्षरं का? तर त्यांचा बाजार आठ दिवसांनी भरे आणि त्याला ते म्हणत 'नवव्या दिवसाचा', कारण मोजताना दोन्ही टोकांचे दिवस धरत. हसू नका, आपणही सात दिवसांना आठवडाच म्हणतो.

या मोजणीनं पुढे घोटाळा केला. 'दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवा' हा सीझरचा नियम पुरोहितांनी आपल्या पद्धतीनं वाचला आणि दर तीन वर्षांनी दिवस वाढवत बसले. ३६ वर्षांत ९ लीप वर्षं व्हायची, झाली १२. ऑगस्टसनं मग बारा वर्षं लीप वर्ष धरूच दिलं नाही. कॅलेंडरात त्यानं खरी ढवळाढवळ केली ती इथे.

आणि नातीला आणखी एक सांगा. रोममध्ये २९ फेब्रुवारी नव्हतीच. लीप वर्षात ते २४ फेब्रुवारी दोनदा धरत, आपल्या पंचांगात कधी लागोपाठ दोन एकादश्या येतात तशी.